दादांच्या बाजूने

आमच्या स्वयंपाकघरातला नळ उलटा होता. दिसायला चारचौघांसारखाच, पितळेचा, ठेंगणा, डोक्यावर चार पाकळ्यांची चावी. पण साऱ्या जगाचे नळ डावीकडे फिरवले की सुटतात आणि उजवीकडे फिरवले की बंद होतात. आमचा उजवीकडे सुटायचा आणि डावीकडे बंद व्हायचा.

ही करामत माझ्या सासऱ्यांची. त्यांना घरात सगळे दादा म्हणत. मी लग्न होऊन यायच्या बऱ्याच आधी नळ गळायला लागला, तेव्हा दादांनी ऐटीत दुकानात जाऊन स्पिंडल आणला. स्पिंडल म्हणजे चावीखालचा तो दांडा, जो फिरला की पाण्याची वाट उघडते नाहीतर मिटते. त्यांनी आणलेला निघाला गरम पाण्याच्या नळाचा, उलट्या फिरकीचा. दुसरा कोणी असता तर गुपचूप बदलून आणला असता. दादांनी तो बसवला, दोनदा फिरवून पाहिला आणि जाहीर केलं, "या घरात नळ असाच उघडतो." त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप होती! अख्ख्या घराने आपला हात बदलला, दादांनी स्पिंडल बदलला नाही.

त्यातून घरात एक शब्दच तयार झाला. कोणी हट्टाला पेटलं, रुसलं, सांगितल्याच्या नेमकं विरुद्ध वागलं, की आई म्हणायच्या, "आज स्वारी दादांच्या बाजूने फिरतेय." आई म्हणजे माझ्या सासूबाई. दादा गेले, शब्द राहिला, नळही राहिला. पाहुणे हमखास भिजायचे. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मीही नळ बंद करायला गेले आणि छातीपर्यंत भिजले. सगळे खो-खो हसत असताना आई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, माझा हात चावीवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि फिरवला. "असा सुटतो. असा मिटतो. घे, आता तू कर." एकदाच. त्यानंतर माझा हात कधी चुकला नाही.

ही गोष्ट मला अलीकडे फार आठवते.

आईंची नजर गेल्या काही वर्षांत मधोमध विरत गेली. कडेचं दिसतं, समोरचं नाही. दारातला माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पण स्वयंपाकघरात त्या अशा वावरायच्या की नवख्याला कळूही नये. त्या म्हणायच्या, "डोळे रुसलेत तर रुसू देत, माझे हात शहाणे आहेत." सगळ्यांच्या आधी उठून पातेलं घ्यायचं, नळाखाली धरायचं, पाण्याच्या आवाजावरून माप ओळखायचं आणि चहा ठेवायचा. आम्ही दोघं उठून येईपर्यंत आमचे कप ओट्यावर बशी झाकून तयार असायचे. घरातलं एकेक काम त्यांच्या हातून सुटत गेलं होतं, शिवण, निवडणं, भाजी चिरणं. सकाळचा चहा त्यांनी धरून ठेवला होता. तो त्यांचा होता.

खरं सांगते, मला त्याचा थोडा जाचही व्हायचा. दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर दिवसभर लोकांची किरकिर ऐकून घरी यावं तर मिठाचा डबा साखरेच्या जागी आणि साखर भलतीकडेच. आई चाचपडायच्या, कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. मग मी किंवा नवरा म्हणायचो, "अहो आई, मीच हलवला डबा," नाहीतर, "आई, मीच ठेवलं होतं तिकडे." आमचं ते ठरूनच गेलं होतं. आईंनी काही चुकवलं की आम्ही हलवलेलं असायचं. त्या हसायच्या, "हो का? बरं बरं." त्यांना हे कळत असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही. इतके आम्ही हुशार.

नळ गळायला लागला तो थेंबथेंब. मी नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. मला बगळ्याच्या मानेसारखा उंच नळ हवा होता, ज्याच्याखाली मोठं पातेलं सरळ उभं राहील. आणि मला, हेही सांगूनच टाकते, एकदा तरी आमच्या घरात सरळ उघडणारी एखादी वस्तू हवी होती.

नवरा विम्याच्या ऑफिसात कागद तपासतो. हातात पान्हा धरल्याचं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याने फोनवर नळ बसवण्याचे व्हिडिओ पाहिले आणि त्याच्या अंगात आलं. "प्लंबर कशाला? त्यात आहे काय! जुना काढायचा, नवा बसवायचा." सुट्टीच्या दिवशी सकाळीच सिंकखालचं कपाट रिकामं झालं, घरभर बाटल्या आणि बादल्या झाल्या, आणि स्वारी बॅटरी दातात धरून कपाटात कमरेपर्यंत शिरली. बाहेर राहिले ते दोन पाय आणि अधूनमधून एक शिवी. जुन्या नळाची नट गंजून बसली होती, ती काही केल्या हलेना. तो जोर लावतोय, पान्हा सटकतोय, बोटं सोलवटतायत. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं.

"अरे, तू नट आवळतोयस. दादांच्या बाजूने फिरवतोयस!"

कपाटातून पान्हा खाली टाकल्याचा आवाज आला. मग आम्ही तिघंही हसलो. आई दारात स्टुलावर बसल्या होत्या, त्या तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. आमच्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू, पण तेव्हा कोणाला ठाऊक?

नळ निघाला. नव्या नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, ती आधी उलटी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. वायसर एकदा सिंकच्या भोकातून खाली गेला. दुपार कलली तेव्हा एकदाचा नळ उभा राहिला, चकचकीत, मान वाकवून. कपाटातला कॉक उघडला. एक थेंब गळला नाही. नवरा असा उभा राहिला जणू धरण बांधून आलाय. मी चावी डावीकडे फिरवली, आणि पाणी जाळीतून मऊ, पांढरं, बिनआवाजाचं पडलं.

"बघ आई," तो म्हणाला, "आता आपलं घर जगाच्या बाजूने फिरायला लागलं."

आई पुढे आल्या. नळाच्या मानेवरून हात फिरवला. "उंच आहे रे. आवाज नाही करत?"

"नव्या नळांना आवाज नसतो."

"आणि उघडायचा कसा?"

"सरळ. सगळ्यांसारखा. होईल सवय."

आईंनी मान हलवली. मग ओट्यावर पडलेला जुना नळ त्यांनी उचलला, त्याची चावी एकदा उजवीकडे फिरवली, एकदा डावीकडे. "हा कुठे जाणार?" त्यांनी विचारलं. भंगारात, नवरा म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी तो गेलाही.

त्या वेळी मी काय करत होते? ओटा पुसत होते. माझ्या ध्यानीमनीही आलं नाही की पुढे व्हावं, आईंचा हात चावीवर ठेवावा, त्यावर आपला हात ठेवावा आणि म्हणावं, असा सुटतो, असा मिटतो. क्षणभराचं काम होतं. मला ते कोणी करून दाखवलेलं होतं.

मग ती पाणी नसलेली सकाळ आली. इमारतीचा पंप बिघडला होता. आई नेहमीसारख्या उठल्या, चावी उजवीकडे फिरवली, ती घट्टच. आठवलं म्हणून डावीकडे फिरवली, तरी पाणी नाही. मग नळ बंद करायचा म्हणून त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं, चावी आणखी डावीकडे ओढली. म्हणजे नळ पुरता उघडा राहिला. आम्ही दोघांनी भरून ठेवलेल्या पाण्याचा चहा घेतला, घाईत कामावर पळालो. चावीकडे मीही पाहिलं नाही. सिंकच्या जाळीवर एक ताटली बसली होती, तिच्याकडेही नाही. दुपारी पंप सुरू झाला. नव्या नळाला आवाज नसतोच. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या, त्यांना कळलं ते पायाखाली ओल लागली तेव्हा.

संध्याकाळी आम्ही पोचलो तर खालच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात उभे. त्यांच्या छताचे पोपडे त्यांच्या पलंगावर पडले होते. त्यांनी आम्हाला जे सुनावलं ते सुनावलं, आम्ही मुकाट्याने ऐकलं. वर आलो तर आई गुडघ्यांवर बसून चाचपडत फरशी पुसत होत्या. कोरडा भाग पुन्हापुन्हा पुसत होत्या, ओला तसाच होता.

नवऱ्याचा तोल गेला. तो वाईट माणूस नाही. मास्तरांसमोर गिळलेलं सगळं तिथे बाहेर पडलं. "आई, कृपा कर, तू आता नळाला हात लावू नकोस."

"बरं," आई म्हणाल्या.

मी हा "बरं" पुष्कळदा ऐकला होता. पण या वेळी त्यांनी तो शब्दशः पाळला. दुसऱ्या सकाळी मी उठले तर ओटा कोरडा. आई खुर्चीत बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर, जणू ते हात कोणी ठेवायला दिले होते. "उठलीस? चहा करतेस का गं?" आधी मला, लपवत नाही, हायसं वाटलं. स्वयंपाकघर माझ्या हाती आलं, डबे आपापल्या जागी राहिले. चार दिवस बरं वाटलं. मग ते हात बघवेनात.

नवऱ्याला तर खाल्लेलं गोड लागेना. "मी असं बोलायला नको होतं," तो म्हणायचा. "मग जाऊन सांग त्यांना," मी म्हणायचे. तो जायचा, आईंजवळ बसायचा, हवापाण्यावर बोलायचा आणि परत यायचा. दादांचाच मुलगा. तोंडाने चूक कबूल करायची म्हणजे घशात अडकतं.

याच सुमारास आई दुपारी समोरच्या घरी जायला लागल्या. तिथे टेलरबाई राहतात, घरीच मशीन टाकून कपडे शिवतात. मला वाटलं, बरं झालं, तेवढीच सोबत. पण संध्याकाळी आईंच्या गाऊनच्या बाह्या ओल्या असायच्या. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, बाईंची चार भांडी विसळून दिली." माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या घरात नळाला हात लावायचा नाही आणि शेजारी जाऊन भांडी घासायची! लोक काय म्हणतील आम्हाला? मी तोंडाने काही बोलले नाही, पण भांडी जरा जास्तच आपटली. आईंना आवाज कळतात.

शेवटी उपाय नवऱ्याच्याच डोक्यात आला. एका संध्याकाळी तो उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "आपण नळच उलटा करू!" नव्या नळातही स्पिंडल असतो आणि उलट्या फिरकीचा मिळतो. आई शेजारी असताना बसवायचा, आणि सकाळी तिला सांगायचं. तो माफी मागू शकत नव्हता, म्हणून नळ फिरवणार होता. मला ते इतकं आवडलं की मीही दुकानात गेले.

दुकानदाराला ते समजावता समजावता पुरेवाट झाली. "साहेब, हा लावलात तर नळ उलटा फिरेल."

"तोच हवाय."

"अहो, सगळे लोक उलटा बसला म्हणून परत करायला येतात."

"आमच्या घरात असाच उघडतो," नवरा म्हणाला. दादाच बोलत होते. आम्ही रस्ताभर हसत आलो.

या वेळी कपाटात शिरावं लागलं नाही. कॉक बंद, चावी काढली, स्पिंडल बदलला, चावी बसवली. उजवीकडे फिरवली, पाणी आलं. डावीकडे, गेलं. आई समोरून परत आल्या तेव्हा आम्ही दोघं चोरासारखे गप्प. त्या मात्र कधी नव्हे त्या खुशीत होत्या, जेवताना दोनदा आपणहून बोलल्या. मी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं, उद्या बघ.

सकाळी जाग आली ती ओट्यावर पातेलं ठेवल्याच्या आवाजाने. नवऱ्याने माझा दंड दाबला. आई आपणहून उठून चहा ठेवायला गेल्या होत्या! आम्ही सांगायच्या आधीच! आम्ही अंथरुणात श्वास रोखून पडलो. आता हात उजवीकडे जाणार, आता पाणी येणार, आता आई हाक मारणार.

चावी करकरली. पाणी आलं नाही. पुन्हा करकरली. आम्ही उठून गेलो.

आई पातेलं नळाखाली धरून उभ्या होत्या. दुसऱ्या हाताने चावी डावीकडे ओढत होत्या, सगळा जीव मनगटात आणून. डावीकडे. जगाच्या बाजूने.

"पाणी गेलंय का गं?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने हे वाक्य रात्रभर तोंडात धरून ठेवलं असणार. "आहे की! आई, दादांच्या बाजूने फिरव!"

आईंचा हात थांबला. मग हळूच उजवीकडे वळला. पाणी आलं, पातेलं भरून वाहिलं, आणि आम्ही दोघं तिथे कौतुक करून घ्यायला उभे, हसऱ्या तोंडांचे.

आईंनी नळ बंद केला. पातेलं खाली ठेवलं. आपलीच बोटं चाचपून पाहिली.

"मी रोज घोकत होते," त्या म्हणाल्या. "डावीकडे सुटतो, उजवीकडे मिटतो. बाईंच्या घरी रोज करून बघायचे. तिथे बरोबर जमायचं. काल बाई म्हणाल्या, मावशी, आता बिनधास्त जा. म्हटलं आज तुम्हाला चहा..." त्यांनी पातेलं थोडं बाजूला सरकवलं. "आणि इथे आले तर मला वाटलं डावीकडेच फिरवतेय, आणि हात नेमका उलटा गेला."

ओल्या बाह्या. विसळलेली भांडी. माझं आपटणं. मी त्यांचे दोन्ही हात धरले. "आई, तुमचा हात बरोबर गेला! नळ चुकीचा आहे. काल संध्याकाळी आम्हीच तो उलटा केला. तुमच्यासाठी. खरंच, आम्हीच फिरवला!"

आणि मी हे बोलत असतानाच मला ते ऐकू आलं. आम्हीच हलवला. आम्हीच ठेवला. आम्हीच फिरवला.

आई हसल्या. मिठाचा डबा सापडल्यावर हसायच्या तशाच. "हो का? बरं बरं. तुम्हीच फिरवला असेल." मग माझ्या हातातून एक हात सोडवून त्यांनी माझा गाल थोपटला. "गुणी आहात गं दोघं. पण हातही गेले आता माझे. घे, तूच ठेव चहा."

आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? नवऱ्याने काढलेला स्पिंडल त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला, म्हणाल्या, "चांगला आहे." टेलरबाईंना बोलावून आणलं, त्यांनी शपथ घेतली. आई म्हणाल्या, "तुम्ही पण यांना सामील का बाई!" आणि हसल्या. नवरा त्यांच्या पायाशी बसून रडला, जे बोलायला हवं होतं ते सगळं बोलला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांना तो आणखी एक गोड बनाव वाटला. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याशी खोटं बोलत आलो, प्रेमानेच, पण खरं बोलायला म्हणून एकही शब्द शिल्लक ठेवला नाही.

नळ अजून दादांच्या बाजूनेच आहे. सरळ करावा तर त्यांच्या हातून आणखी एक चूक घडेल अशी भीती वाटते. त्या हात लावणार नाहीत हे माहीत असूनही. आता माझाच हात चुकतो. सकाळी अर्धवट झोपेत मी डावीकडे फिरवते आणि पाणी येत नाही. आई खुर्चीत असतात. टेलरबाईंकडेही जात नाहीत. स्वयंपाकघर सबंध माझं झालंय.

परवा मी त्यांना चहा दिला, बशी झाकून, त्या द्यायच्या तसा. त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"बरा झालाय का आई?"

"छान झालाय हो," त्या म्हणाल्या.

मग मी त्याच चहाचा माझा कप तोंडाला लावला. त्यात मीठ होतं.